साच्यातले आमिष : मऊ प्लॅस्टिकची गळ-आमिषे घरच्या घरी कशी घडतात?

गळाने मासे धरण्याची कला फार जुनी आहे. मात्र गळाला लावायचे आमिष गेल्या पाऊणशे वर्षांत पार बदलून गेले. गांडूळ, कणकेचा गोळा, लहान मासोळी किंवा बेडूक यांच्या जोडीला आता रबरासारखे लवचिक, रंगीत प्लॅस्टिकचे आमिष आले आहे. गळाचे शौकीन त्याला 'ल्युअर' म्हणतात. हे आमिष बाजारात तयार मिळते, तसेच ते साच्यात ओतून घरीही करता येते. हिंगोलीसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पण धरणांच्या पाण्याने वेढलेल्या जिल्ह्यात या विद्येचा उपयोग काय आणि तिच्यातील धोके कोणते, याचा हा परिचय.

जिल्ह्याचे पाणी

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, नर्सीचे नामदेव आणि हळदीची बाजारपेठ ही त्याची सर्वपरिचित ओळख. पैनगंगा, पूर्णा आणि कयाधू या नद्या जिल्ह्याला लाभल्या असून मोठे जलाशय पहिल्या दोन नद्यांवर आहेत. पूर्णा प्रकल्पात वरच्या बाजूस परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात येलदरी आणि खालच्या बाजूस औंढा तालुक्यात सिद्धेश्वर ही धरणे येतात. पैनगंगेवर हिंगोली-यवतमाळच्या सीमेवर इसापूर धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे.

या जलाशयांवर भोई समाजाची अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करीत आली आहेत. सहकारी संस्था जलाशयाचा ठेका घेतात, त्यात मत्स्यबीज सोडतात आणि जाळ्याने मासे काढतात. कटला, रोहू आणि मृगळ हे त्यातील मुख्य मासे. जोडीला मरळ, वाम, शिंगाडा असे मूळचे नदीतले मासेही असतात. जाळे हे पोटाचे साधन, तर गळ हे बहुतेकदा विरंगुळ्याचे. तरीही दोघांचे पाणी एकच असल्याने गळ टाकणाऱ्याने काय वापरावे आणि काय टाळावे, हा प्रश्न केवळ त्याच्या हौसेपुरता राहत नाही.

राजाचा मत्स्यविनोद

गळ-आमिषाच्या शास्त्राचा फार जुना दाखला मराठवाड्याच्या शेजारीच सापडतो. कल्याणी, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, येथून राज्य करणाऱ्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. 'अभिलषितार्थचिंतामणी' या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या शंभर अध्यायांच्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचा आहार, गळाची काठी, दोरी आणि माशांना एका जागी येण्याची सवय लावणारे खाद्य यांचे वर्णन त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध करून आधुनिक संशोधकांचे लक्ष त्याकडे वेधले.

याच ग्रंथात धातूच्या मूर्ती ओतण्याची मधूच्छिष्ट पद्धतही सांगितली आहे. आधी मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, असा तिचा क्रम. मासा कशाला भुलतो हे ज्ञान आणि साच्यात आकृती ओतण्याचे कसब अशा दोन्ही विद्या एकाच ग्रंथात नोंदल्या गेल्या. त्या एकत्र येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

अॅक्रनमधील गांडूळ

या मऊ आमिषाचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहराशी जोडलेला आहे. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक आणि ठिसूळ. वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये याच शहरातील बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करताना ते योग्य द्रवात तापवून रबरासारखे लवचिक करता येते, हे दाखवून दिले. पुढे १९४९ साली अॅक्रनमध्येच राहणाऱ्या निक क्रीम आणि त्यांची पत्नी कॉस्मा यांनी जिवंत गांडुळावरून साचा घेऊन त्यात मऊ प्लॅस्टिक ओतले. त्यापूर्वीची रबरी गांडुळे ताठर असत. क्रीम दांपत्याचे गांडूळ पाण्यात खऱ्यासारखे वळवळत असे. १९५१ पासून ही गांडुळे एका डॉलरला पाच या दराने टपालाने विकली जाऊ लागली. म्हणजे ज्याला आज कारखान्याचे उत्पादन समजले जाते, त्याचा आरंभ एका घरातच झाला होता.

द्रव्य कोणते?

या आमिषांसाठी लागणाऱ्या द्रव्याला 'प्लॅस्टिसॉल' म्हणतात. पीव्हीसीची अतिसूक्ष्म भुकटी एका तेलकट, मऊपणा आणणाऱ्या द्रवात मिसळली की दुधासारखे पांढरे मिश्रण तयार होते. हेच द्रव्य बाहुल्यांचे चेहरे, अवजारांच्या मुठींवरील आवरणे आणि कापडावरील छपाई यांसाठीही वापरतात. आमिष जितके मऊ हवे, तितके तेलकट द्रवाचे प्रमाण अधिक. अतिमऊ आमिषात तर ते भुकटीहूनही जास्त असते.

हे मिश्रण तापवू लागले की आधी ते घट्ट होते, त्याच्या गुठळ्या दिसू लागतात आणि नवख्या माणसाला ते बिघडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळी भुकटीचे कण द्रव शोषून फुगत असतात. तापमान १७५ ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की गुठळ्या विरघळतात आणि पांढरे मिश्रण पारदर्शक, मधासारखे वाहते होते. ओतण्याची वेळ हीच. थंड झाल्यावर ते लवचिक घनरूप धारण करते. या क्रियेत द्रव्य कायमचे बदलत नसल्याने फाटलेली आमिषे पुन्हा वितळवून नवी ओतता येतात. मात्र प्रत्येक वेळी तापवताना रंग थोडा पिवळट होत जातो.

रंगासाठी उष्णता सोसणारे द्रवरूप रंग आणि चमकीसाठी तशीच उष्णतासह चकमक वापरतात. आमिष लवकर बुडावे म्हणून काही जण बारीक दळलेले मीठ घालतात. मिठामुळे वजन वाढते, पण आमिष धूसर होते आणि लवकर तुटते. बडीशेप किंवा लसूण यांच्या तेलाचा वास शेवटी, उष्णता उतरत असताना मिसळतात.

साचा : कामाचा कणा

आमिषाचा दर्जा साच्यावर ठरतो. घरगुती कामासाठी तीन प्रकारचे साचे प्रचलित आहेत : प्लास्टर ऑफ पॅरिसचे, सिलिकॉन रबराचे आणि अॅल्युमिनियमचे.

प्लास्टरचा साचा सर्वांत स्वस्त. गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबरी साच्यात प्लास्टर ओततात. येथे नेमके उलटे होते, साचा प्लास्टरचा आणि वस्तू रबरासारखी. प्रथम शाडू, मेण किंवा लाकूड यांत हव्या त्या आकाराची मूळ आकृती घडवतात. एका बाजूने सपाट आमिष चालणार असेल, तर ती आकृती काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर चिकटवून भोवती पुठ्ठ्याची चौकट उभी करतात. मापाने साधारण दोन भाग प्लास्टर एक भाग पाण्यात हळूहळू सोडून कालवतात आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून एका कोपऱ्यातून सावकाश ओततात. चौकट हलकेच ठोकली की अडकलेली हवा वर येते. प्लास्टर आवळल्यावर चौकट उलटी करून मूळ आकृती काढून घेतात.

दोन्ही बाजूंनी गोल आमिषासाठी साचा दुभागी लागतो. आकृती निम्मी मातीत दाबून वरच्या निम्म्यावर प्लास्टर ओततात. ते घट्ट झाल्यावर माती काढतात, दोन्ही भाग अचूक बसावेत म्हणून काठावर खळगे कोरतात, उघड्या प्लास्टरला साबणाचे पाणी किंवा व्हॅसलीन लावतात आणि मग दुसरा भाग ओततात. व्हॅसलीन विसरले तर दोन भाग कायमचे एक होतात. रस आत जाण्याची वाट आणि हवा बाहेर पडण्याचे बारीक मार्ग कोरले की साचा तयार झाला.

यापुढची पायरी घाईने उरकली जाते आणि अपघात तेथेच होतात. ताजा प्लास्टर कोरडा दिसला तरी आत ओलावा धरून असतो. १७५ अंशांचा रस त्यावर पडताच त्या ओलाव्याची वाफ होते आणि रस उसळून अंगावर उडू शकतो. म्हणून साचा कित्येक दिवस उन्हात वाळवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांतील मराठवाड्याचे ऊन या कामी उत्तम. लवकर वाळावा म्हणून साचा विस्तवावर भाजणे चुकीचे, कारण अति उष्णतेने प्लास्टरच्या घडणीतले पाणीही निघून जाते आणि तो भुसभुशीत होतो. वाळलेल्या साच्याच्या आतील बाजूस पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात देतात. ते पुन्हा पूर्ण वाळले की पृष्ठभाग गुळगुळीत होऊन आमिष सहज सुटते.

सिलिकॉनचा साचा महाग पडतो, पण खवल्यांची नक्षी हुबेहूब उतरवतो, दोनशे अंशांपर्यंतची उष्णता सोसतो आणि वाकवून आमिष सोडवता येते. अॅल्युमिनियमचा साचा यंत्रावर कोरलेला असतो. त्यात मोठ्या पिचकारीसारख्या साधनाने रस दाबून भरतात. शेकडो एकसारखी आमिषे काढायची असतील, तरच तो परवडतो.

ओतकाम

ओतण्यापूर्वी प्लॅस्टिसॉलची बाटली खूप हलवावी, कारण भुकटी तळाशी बसलेली असते. लागेल तेवढेच मिश्रण जाड बुडाच्या, चोच असलेल्या भांड्यात घेऊन विजेच्या शेगडीवर मंद आचेने तापवतात. ढवळणे सावकाश असावे. जोराने ढवळले की हवा मिसळते आणि आमिषात बुडबुडे राहतात. तापमान अंदाजाने न ठरवता तापमापकाने मोजावे. रस पारदर्शक झाला की रंग मिसळून, बारीक अखंड धारेने साच्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओततात. थंड होताना रस आक्रसतो आणि तोंडाशी खळगा पडतो. तो भरून काढण्यासाठी थोडा रस हाताशी राखतात. पोटाकडे फिकट आणि पाठीकडे गडद असे दोन रंग हवे असल्यास पहिला थर पुरता थंड होण्याआधी दुसरा ओततात, म्हणजे दोन्ही एकजीव होतात.

पाच-दहा मिनिटांत आमिष साच्यातून निघते. परंतु ते लगेच डबीत कोंबू नये. उष्ण असताना मिळालेला वाक कायम राहतो, म्हणून ते सरळ ठेवून वा टांगून एक दिवस मुरू देतात. साठवणही जपून करावी लागते. आमिषातील तेलकट द्रव काही प्रकारच्या कडक प्लॅस्टिकच्या डब्या मऊ करतो, त्यांना अक्षरशः वितळवतो. गडद रंग शेजारच्या फिकट आमिषात उतरतो. त्यामुळे रंगवार वेगळ्या पिशव्या ठेवणे श्रेयस्कर.

पोकळ बेडूक आणि मरळ

महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यात या आमिषांचे खरे लक्ष्य मरळ हा मासा. तो भक्षक आहे. डोके सापासारखे, हवेतून श्वास घेण्याची क्षमता आणि पाणवनस्पतींच्या आडोशाने दबा धरून बसण्याची सवय ही त्याची लक्षणे. मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक लावण्याची रीत जुनी आहे. बेडूक शेतातील किडे खाऊन पिकाची राखण करतो. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबवली, त्यामागे हा विचारही होता. साच्यातला बेडूक खऱ्या बेडकाचा जीव वाचवतो, ही या आमिषाची जमेची बाजू.

हा बेडूक पोकळ असतो, म्हणूनच तरंगतो. तापवलेल्या धातूच्या साच्यात कच्चे प्लॅस्टिसॉल भरतात. साच्याच्या भिंतीलगतचा थर घट्ट झाला की उरलेले ओतून टाकतात आणि राहिलेली त्वचा पुन्हा तापवून पक्की करतात. बाहुलीचे डोके घडते ते याच रीतीने. दुहेरी गळ बेडकाच्या पाठीला चिकटून राहिल्याने तो शेवाळात अडकत नाही. माशाने चावा घेतला की पोकळ अंग दबते आणि गळाची टोके उघडी पडतात.

मात्र प्रत्येक माशाला हे आमिष चालत नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव टिपतो, रोहू प्रामुख्याने वनस्पतिजन्य अन्नावर जगतो आणि मृगळ तळाचा गाळ चाळतो. हलणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करणे हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांच्यासाठी कणीक, पेंड किंवा भिजवलेल्या धान्याचा गोळाच उपयोगी. साच्यातले आमिष नजरेला आणि पाण्यातील कंपनांना प्रतिसाद देणाऱ्या शिकारी माशांसाठी आहे. हा भेद लक्षात न घेता टाकलेला गळ दिवसभर रिकामाच राहतो.

स्वयंपाकघर वर्ज्य

घरी करण्याचे काम असले तरी ते स्वयंपाकघरात करण्याचे नव्हे. प्लॅस्टिसॉल मर्यादेबाहेर तापले की आधी पिवळे, मग तपकिरी होते आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. हा वायू ओलाव्याशी मिसळून आम्ल बनतो; डोळे, घसा आणि फुप्फुसे यांना तो घातक ठरतो. उघड्या ज्योतीवर तापवल्यास तेलकट वाफा पेट घेण्याचे भय असते. म्हणून मोकळ्या पडवीत किंवा वारा खेळणाऱ्या जागी, विजेच्या शेगडीवर, लहान मुले जवळ नसताना हे काम करावे. जाड हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि बंद पादत्राणे आवश्यक. या कामाची भांडी पुन्हा अन्नासाठी वापरू नयेत. तापल्या रसाजवळ पाणी ठेवू नये. रस अंगावर सांडलाच, तर चिकटलेले प्लॅस्टिक ओढून न काढता तो भाग किमान वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरून डॉक्टरांकडे जावे.

मऊपणा आणणाऱ्या द्रवाचीही चौकशी करावी. थॅलेट वर्गातील काही द्रव्ये शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणतात, या कारणाने युरोपीय संघाने २००५ मध्ये त्यांचा खेळण्यांतील वापर कडकपणे मर्यादित केला. थॅलेटविरहित प्लॅस्टिसॉल उपलब्ध असते. विकत घेताना ते मागून घेणे हिताचे. वजनासाठी लावायच्या शिशाबाबतही हीच दक्षता हवी. शिसे ३२७ अंशांना वितळते, त्याची धूळ व वाफ विषारी असते आणि पाण्यात पडलेले शिशाचे मणी पाणपक्षी खड्यांसोबत गिळतात. हंसांच्या मृत्यूंमुळे ब्रिटनने १९८७ साली गळाच्या बहुतेक लहान शिशांवर बंदी घातली. पोलाद किंवा पितळेचे वजन हा त्यावरील सोपा पर्याय.

पाण्यात उरते ते काय?

कणकेचा गोळा गळावरून निसटला तर तासाभरात विरघळतो किंवा लहान मासे तो फस्त करतात. प्लॅस्टिकचा बेडूक तुटून पडला तर वर्षानुवर्षे तेथेच राहतो. उत्तर अमेरिकेतील तलावांत संशोधकांना तळाशी आणि माशांच्या पोटातही अशी आमिषे सापडली आहेत. पाण्यात ती फुगतात, त्यामुळे पोटात गेलेले आमिष बाहेर पडणे कठीण होते. सिद्धेश्वरसारख्या जलाशयाचे पाणी शेतीबरोबर पिण्यासाठीही उचलले जाते. त्यात काय टाकले जाते याचा हिशेब ठेवणे म्हणूनच सर्वांच्या हिताचे आहे.

आमिष गळावर घट्ट बसेल एवढे कणखर मिश्रण वापरणे, अडकलेली दोरी तोडण्याऐवजी सोडवून घेणे आणि फाटलेले तुकडे डबीत जमवून घरी नेणे, हे उपाय कोणालाही जमण्यासारखे आहेत. ते तुकडे पुन्हा वितळवून नवे आमिष होते. घरी साचा असलेल्याला कचरा न करण्याची ही सोय असते; विकत घेणाऱ्याला ती नसते.

हक्क आणि मर्यादा

ठेक्याच्या जलाशयात मासे धरण्याचा हक्क ठेकेदार संस्थेचा असतो. हौसेने गळ टाकणाऱ्यानेही संस्थेची परवानगी घेणे रास्त, कारण त्या पाण्यात सोडलेल्या बीजासाठी तिने पैसे मोजलेले असतात. इसापूर परिसराचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित असल्याने तेथे वन विभागाचे नियम लागू होतात. स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच मनाई केली होती. मुंबईत पवई तलावाकाठी असलेल्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारख्या संस्थांमुळे सभासदत्व आणि नियम पाळून गळ टाकण्याची परंपरा राज्यात रुजली. मराठवाड्यातील जलाशयांनाही अशी शिस्त उपकारक ठरेल.

कायद्यापलीकडचा एक विवेकही आहे. पावसाळ्यात मरळीची जोडी अंड्यांची आणि नंतर पिलांच्या थव्याची राखण करते. पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर पिलांचा पुंजका खळबळताना दिसतो आणि त्याखाली मरळ असते. अशा वेळी तिच्यासमोर प्लॅस्टिकचा बेडूक टाकला तर ती तत्काळ झडप घालते. मात्र ती भुकेपोटी नसते, पिलांवरचे संकट हटवण्यासाठी असते. त्या मरळीला पाण्याबाहेर काढले की उघडी पडलेली पिले इतर माशांच्या तोंडी जातात. पुढच्या हंगामातील शेकडो मरळी एका माशापायी नाहीशा होतात आणि त्याची झळ जाळ्यावर पोट असलेल्या कुटुंबांना बसते. म्हणून आषाढ-श्रावणात साचे, रंग आणि शेगडी घेऊन पुढच्या हंगामाची तयारी करावी आणि पिलांचा पुंजका दिसेल तेथे गळ गुंडाळून ठेवावा, हेच उचित.